एकीला विचारायचं नसतं

मिस्किटाबाईंच्या वर्गात एकीला परवानगी लागत नसे. करंगळी वर करायची, बाईंनी पाहिलं की उठायचं आणि जायचं. एखादं नवीन पोर उभं राहून "बाई, जाऊ?" म्हणालं, तर बाई फळ्यावर लिहिता लिहिता, मागे न वळता म्हणत, "विचारू नकोस. सांग आणि जा." तपासणीला आलेले साहेब वर्गात बसलेले असले तरी नियम हाच. त्यातल्या एकांनी म्हणे शेरा मारला होता की या वर्गात मुलांची ये-जा फार आहे. बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, ज्याला लागलीये त्याच्या डोक्यात बेरीज शिरत नाही. तुम्ही करून बघा."

हे सगळं माझं ऐकीव. मी बाईंच्या वर्गात कधीच बसले नाही. मी शिकले हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी मिळाली म्हणून मुंबईला आले. चारकोपला सेक्टरमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी मुली भाड्याने राहायचो. समोरचं दार मिस्किटाबाईंचं. महापालिकेच्या मराठी शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. मला शिकवणाऱ्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण त्यांची नावं घेताना मी या कधीही न शिकवलेल्या बाईंचं नाव आधी घेते.

बाई बुटक्या, गव्हाळ, सुती साडी खांद्यावर पिन लावून घट्ट बसवलेली. गळ्यात बारीक साखळीतला क्रूस. अंबाड्यात लाल पेन खोचलेलं. निवृत्त झाल्यावरही ते पेन तिथून हललं नव्हतं आणि त्याचा उपयोग रोज होत असे: वर्तमानपत्रावर, लग्नपत्रिकांवर, किराण्याच्या दुकानातल्या 'उधारि बंद' या पाटीवर. त्यांचं कुटुंब मूळचं चारकोप गावातलं. आजोबांची तिथे भातशेती होती. गावातलं घर धाकट्या भावाकडे होतं, आणि बाई "मला माझा जिना चढता येतो तोवर मी इथेच" म्हणून सेक्टरमध्ये एकट्या राहत होत्या. आमच्याशी त्या स्वच्छ शाळेतलं मराठी बोलत. घरच्या बोलीत त्या फक्त एकीशी बोलत, आणि ती होती त्यांची कुत्री.

कुत्रीचं नाव मॉनिटर. शाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी टाकून दिलेलं तपकिरी पिल्लू बाईंच्या वर्गाच्या दारात येऊन बसलं आणि एकीला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे मान वळवून बघू लागलं. वर्गाचा मॉनिटर त्याच आठवड्यात शाळा सोडून गेला होता, त्यामुळे जागा रिकामी होती. मादी आहे हे नंतर कळलं, पण तोवर नेमणूक झाली होती.

मला बाईंनी पहिल्याच दिवशी नाव दिलं, 'हिंगोली'. इमारतीत भाड्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या गावाच्या नाहीतर जिल्ह्याच्या नावानेच हाक मारत. पहिल्याच संध्याकाळी पाण्याचा तांब्या आणि चपात्या घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. माझी सगळी चौकशी केली आणि मग, जिन्यातून दोन माणसं जात असताना, खणखणीत आवाजात विचारलं, "ऑफिसात बाथरूमला जातेस ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं उत्तर 'नाही' असं होतं. आमच्या शाळेत मुलींसाठी दार असलेला संडास नव्हता. आम्ही मुली सकाळपासून पाणीच प्यायचो नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. ती सवय माझ्याबरोबर कॉलेजात आली आणि तिथून अंधेरीला आली. ऑफिसातलं बाथरूम छान होतं, पण तिथे जायला सगळ्यांच्या टेबलांमधून जावं लागायचं. हे मी बाईंना अडखळत सांगितलं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "शिकलीस, कमावतेस, एकटी मुंबईला आलीस. आणि अजून करंगळी दाबून बसतेस?"

"बाई, हळू बोला ना."

"का? पाणी पिणं चोरी आहे का?"

पुढचा महिनाभर मी कामावरून आले की समोरच्या दारातून आवाज यायचा, "हिंगोली, आज गेलीस की नाही?" आणि मी जिन्यातूनच ओरडायचे, "गेले, बाई!" सबंध इमारतीला माहीत झालं. पण त्यामुळे माझी सवय सुटली.

मॉनिटरला बाईंनी एकी हाच शब्द शिकवला होता. तिला जायचं असलं की ती दाराजवळ जाऊन पुढचा पाय उचलायची, आणि बाई म्हणायच्या, "चल गो बाय, एकी!" मग दोघी खाली उतरायच्या. घरात घाण केली, हे त्या कुत्रीच्या बाबतीत पिल्लू असतानाही फारसं घडलं नव्हतं, असं बाई अभिमानाने सांगायच्या. मी राहायला गेले तेव्हा मॉनिटर म्हातारी झाली होती. तोंडावर पांढरे केस, मागचे पाय जरा ताठ. तरी पाय उचलून सांगायची रीत तिने सोडली नव्हती.

एका सकाळी मी डबा परत द्यायला गेले तर बाई जमीन पुसत होत्या आणि मॉनिटर पलंगाखाली शिरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची गोधडी बादलीत भिजत होती.

"हिने आत केलं?" मी विचारलं.

"केलं नाही. झालं." बाईंनी फडकं पिळलं. "झोपेतून उठली तेव्हा खाली ओलं. तिचं तिलाच कळलेलं नव्हतं. हुंगून पाहिलं आणि लाजून आत गेली. जागेपणी करतात ते केलं. झोपेत होतं ते झालं. चौथीच्या पोराला कळतं हे."

मग त्या गुडघ्यांवर वाकून पलंगाखाली बघत आपल्या बोलीत किती तरी वेळ काहीतरी बोलल्या. मॉनिटरने शेवटी शेपटीचं टोक हलवलं, पण बाहेर आली नाही. बाई म्हणाल्या, "असू दे. तिला वेळ लागेल."

त्याच दिवशी बाईंनी माळ्यावरून जगाचा नकाशा काढला. शाळेने नवे नकाशे घेतले तेव्हा टाकून दिलेला, प्लास्टिकचा मुलामा असलेला, गुंडाळी करून भिंतीला टांगायचा जुना नकाशा. तो त्यांनी जमिनीवर अंथरला, त्यावर जुन्या साडीची चौपदरी घडी, त्यावर मॉनिटर. सकाळी साडी धुवायला टाकायची, नकाशा पुसून घ्यायचा. कोमट पाण्याने मॉनिटरचे मागचे पाय पुसून कोरडे करायचे. ओलं राहिलं की कातडी लाल होते, म्हणून तिथले केस त्यांनी कात्रीने बारीक कापले. मी चहाला गेले की बाई मला बातम्या द्यायच्या. "आज पॅसिफिकमध्येच आहे, काळजी नाही." किंवा, "आज ऑस्ट्रेलिया बुडाला गं." सहारा वाळवंट कोरडं असलं की दिवस चांगला.

बाईंना वाटलं होतं की हे एवढ्यावर भागेल. भागलं नाही, कारण मॉनिटरची दुपारची झोप घरात नव्हती. दुपारी ती दाराबाहेर जिन्याच्या वळणावर, वारा येतो तिथे झोपायची. सगळ्या इमारतीला तिथे ती हवीच असायची. अनोळखी माणूस आला की ती एकदा भुंकायची. आता ती झोपली की तिच्याखालून बारीक धार निघायची, पायऱ्या उतरायची आणि दुसऱ्या मजल्यावर थेट सावंतकाकांच्या उंबऱ्याशी जायची. सावंतकाकू रोज सकाळी तिथे रांगोळी काढत.

सावंतकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस सरळ, पण घाणीचा तिटकारा. एरवी ते मुंबईचं मराठी बोलत, पण चिडले की मालवणी. तो जिन्यातून वर आलेला आवाज मला अजून आठवतो.

"बाई, ह्या असा चालूचा नाय!"

"सावंत, पुसते मी. आले."

"रोज रोज किती पुसतलास?"

"रोज होतंय तोवर रोज."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'पाळिव प्राण्यांनी जिन्यात लघवि करू नये.' बाईंनी वाचली. अंबाड्यातून लाल पेन काढलं. 'पाळिव' आणि 'लघवि' दीर्घ केले, 'करू नये' याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'करत नाही. होते.' वर जाताना म्हणाल्या, "आणि नोटीस प्राण्यांना उद्देशून आहे. मॉनिटरला वाचता येत नाही, सावंतांना कुणीतरी सांगा."

मग बाटल्या आल्या. आमच्याकडे मुंबईत एक समजूत आहे की दारात निळ्या पाण्याची बाटली ठेवली की कुत्रं तिथे घाण करत नाही. कपड्यांना घालायची नीळ पाण्यात मिसळून बाटली भरायची, झाकण लावायचं आणि पायरीवर ठेवायची. एका रविवारी बाई चर्चमधल्या मिस्साहून परत आल्या तेव्हा तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वळणावळणावर निळ्या बाटल्या उभ्या होत्या. कुणीच समोर आलं नाही, पण सगळी दारं थोडी थोडी उघडी होती.

बाई शांतपणे चढत वर आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्यात वर्षाचा मसाला बाटल्यांत भरून ठेवतात. यांच्यात हे."

दुपारी मॉनिटर झोपेत ओली झाली. बाई फडकं आणि झाडू घेऊन बाहेर आल्या. वळणावरची निळी बाटली उचलली, झाकण उघडलं आणि तेच पाणी ओतून पायऱ्या खसाखसा धुतल्या. रिकामी बाटली नळाखाली भरून पुन्हा जागेवर ठेवली, या वेळी साध्या पाण्याने. दुसऱ्या दिवशी पुढची बाटली. सावंतकाकूंनी दार उघडून विचारलं, "बाई, हे काय करता?"

"पाणी हाताशी ठेवलंत, फार बरं झालं. मला तेवढा जिना कमी चढावा लागतो."

काकू हसू दाबत आत गेल्या. पण हसण्याने प्रश्न सुटणार नव्हता. सोसायटीची मीटिंग झाली, कंपाउंडात, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. एकाने सुचवलं की आरे कॉलनीत त्याच्या ओळखीच्या माणसाचा गोठा आहे, तिथे कुत्री ठेवता येईल. म्हशींच्या मुतात कुत्रीचं काय कळणार? तिथे तिला बांधून ठेवतील, खायला घालतील. वाईट हेतूने कुणी बोललं नाही. उलट सगळ्यांना हा तोडगा दयाळूपणाचा वाटला. पुढच्या मीटिंगपर्यंत जिना कोरडा राहिला नाही तर मॉनिटरला आरेला पाठवायचं, असं ठरलं.

बाई त्या वेळी एवढंच म्हणाल्या, "ठीक. पुढच्या मीटिंगपर्यंत."

मी त्यांच्याबरोबर वर आले. त्या जिन्यात मध्येच थांबल्या, कठड्याला धरलं. मी त्यांना तसं थांबलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "आयुष्यभर कुणाच्या अंगणात बांधलेली नाही गं ती," त्या म्हणाल्या. "आणि मुतली म्हणून बांधायची?"

त्यानंतरचे काही दिवस जिना कोरडा होता. नकाशाच्या बातम्याही चांगल्या होत्या. मला आनंद झाला. पण मॉनिटर खंगलेली दिसत होती. खाली गेली की बसायची, उठायची, दोन पावलांवर पुन्हा बसायची, थेंबभर व्हायचं. जीभ बाहेर, नाक कोरडं. मी चहाला गेले असताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोरीकडे बघत होती. मोरीवर तिचं पाण्याचं भांडं पालथं घातलेलं होतं.

ती युक्ती माझ्या ओळखीची होती. मी फक्त म्हणाले, "बाई, आम्ही मुली शाळेत हेच करायचो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भांड्याकडे. चहाचा कप खाली ठेवला. उठल्या, भांडं सुलटं केलं, माठातलं पाणी काठोकाठ भरलं आणि खाली ठेवलं. मॉनिटरने ते एका दमात संपवलं. बाईंनी पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा भरताना त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी डॉक्टरकडे. मेट्रो चुकली तर चुकू दे तुझी. मला मदतीला लागशील."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं की येताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या. हे काम काय असतं ते मला माहीत नव्हतं. बाईंनी आमटी वाढायचा लांब दांड्याचा डाव उकळत्या पाण्यातून काढून घेतला होता. कंपाउंडात पेरूच्या झाडाखाली मॉनिटर बसणार, बाई मागून डाव सरकवणार, मी बाटली धरणार, असा बेत. पण मॉनिटर हुशार. ती बसायची, आमच्याकडे बघायची आणि उठायची. तोवर वॉचमन आला, दूधवाला थांबला, सावंतकाका वर्तमानपत्र घेऊन आले.

"हे काय चाललंय, बाई?"

बाईंनी डाव उंच केला. "सगळ्यांनी तोंड फिरवा."

"अहो, पण..."

"सावंत, तुम्हाला कुणी बघत असलं तर होते का? तोंड फिरवा!"

वर्गच होता तो. वॉचमन गेटकडे वळला, दूधवाल्याने सायकलसकट पाठ केली, सावंतकाकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर उघडलं. मी डोळे मिटून हात पुढे केला. बाईंनीही मान दुसरीकडे वळवली आणि हळूच म्हणाल्या, "एकी, गो बाय." मग डावात बारीक आवाज झाला. बाटलीत जे आलं त्यात लालसर झाक होती.

रिक्षावाला कुत्री म्हटल्यावर नाही म्हणाला. बाईंनी सीटवर जगाचा नकाशा अंथरला आणि त्याला म्हणाल्या, "बघ, तुझ्या रिक्षात आता सगळं जग बसलंय. चल." तो चालला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला दिली, रक्त काढलं. मग विचारलं, "पाणी किती पिते?"

"चार दिवस मी तोडलं होतं," बाई म्हणाल्या. "चूक झाली." आणि लगेच, शाळेत पोराचं वाक्य सुधारावं तशा सुरात, "झाली नाही. केली. मी केली."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. दुखणी दोन होती. एक जुनं: लहानपणी पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेल्या काही माद्यांचा लघवीच्या पिशवीच्या तोंडाचा स्नायू म्हातारपणी सैल पडतो. जाग असते तोवर त्या आवळून धरतात, झोप लागली की सुटतं. दुसरं नवं: पिशवीत जंतू झाले होते, आणि पाणी कमी केल्यामुळे लघवी घट्ट होऊन आग वाढली होती. जंतूंसाठी गोळ्या, त्या बरं वाटलं तरी शेवटपर्यंत द्यायच्या. ते साफ झालं की सैल स्नायूसाठी रोजचं औषध, बहुधा कायमचं. पाणी मात्र हवं तेवढं. आणि बाहेर न्यायच्या फेऱ्या वाढवायच्या.

"म्हणजे नळ चांगला आहे, वॉशर झिजलाय," बाई म्हणाल्या.

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या.

रिक्षातून परत येताना बाईंनी मॉनिटरचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नाक्यावर उतरताना म्हणाल्या, "एवढी मुलं सोडली मी वर्गातून. आणि घरातलीला पाणी नाही दिलं. कशासाठी? मीटिंगसाठी!" पुढे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून जिन्याच्या वळणावर मॉनिटरसाठी पाण्याचं दुसरं भांडं आलं.

दुपारी झोपायच्या आधी फेरी, उठल्या उठल्या फेरी. बाळांचा डायपर आणून त्याला शेपटीसाठी भोक पाडून पाहिलं. मॉनिटरने त्याचा कापूस सगळ्या घरभर केला, तेव्हा तो नाद सोडला. गोळ्या इडलीत लपवून दिल्या. बसणं, उठणं, पुन्हा बसणं हे आधी थांबलं. मग रोजचं औषध सुरू झालं. आणि एका सकाळी मी दार उघडते तोच समोरच्या दारातून बाईंचा आवाज, इतका मोठा की तळमजल्यावर ऐकू जावा:

"हिंगोली! सहारा कोरडा! सगळं जग कोरडं!"

अधूनमधून थोडं होतंच राहिलं. औषध म्हणजे जादू नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे पुढच्या मीटिंगला बाई 'आता कधीच होणार नाही' असं म्हणणार नव्हत्या. मी त्यांना सुचवलं होतं, तसं म्हणून टाका. बाई म्हणाल्या, "खोटं बोलून मिळवलेलं घर तिला कशाला?"

मीटिंगच्या दिवशी सगळे आले. आमच्या गेटवर सोसायटीने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलेलं आहे, 'एकीचे बळ'. बाईंनी उभ्या राहिल्या राहिल्या तिकडे बोट केलं. "तुम्ही सगळ्यांनी फाटकावर लिहून ठेवलंय. मी तेवढंच मागतेय."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग बाईंच्या शाळेत शिकलेली दोन-तीन बापे माणसं फसकन हसली आणि हसू सगळीकडे पसरलं. सावंतकाकांनी खुर्चीवर हात आपटला. "बाई, विनोद पुरे. मुद्द्यावर या."

बाई मुद्द्यावर आल्या. दुखणं काय आहे, वॉशर कसा झिजलाय, औषध काय चालू आहे, हे त्यांनी फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगितलं. पूर्ण बंद होणार नाही, हेही सांगितलं. "झालं तर मी धुईन. मला दिसलं नाही तर मला हाक मारा. पण तिला..."

इथे सावंतकाका उठले. "दोन मिनिटं," म्हणाले आणि घाईने जिन्याकडे गेले. मीटिंग सुरू झाल्यापासून ते दुसऱ्यांदा जात होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. त्या वर्षी त्यांचं ते सुरूच होतं, काकू डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागल्या होत्या. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "सेक्रेटरींचाही वॉशर गेलाय." दोघं-तिघं खिदळले.

आता बाईंच्या हातात सगळं होतं. एक वाक्य टाकलं असतं तर मीटिंग जिंकली असती. बाईंनी त्या खुर्चीकडे नुसतं पाहिलं. तो माणूस चाळिशीचा होता, तरी त्याने मान खाली घातली.

"सावंत येईपर्यंत थांबू," बाई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

सावंतकाका परत आले. सगळे गप्प आहेत आणि बाई त्यांच्यासाठी थांबल्या आहेत, हे त्यांनी पाहिलं. ते खुर्चीवर बसले. चष्मा पुसला. बाईंनी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"बसा, बाई. कुत्री खंय जावची नाय." आणि कागद उलटत, "पुढचा विषय. पाण्याची टाकी."

निळ्या बाटल्या नंतर गेल्या नाहीत. फक्त त्यांतली नीळ गेली. प्रत्येक वळणावर साध्या पाण्याची बाटली असायची, आणि ती रिकामी झाली की जवळच्या दारातलं कुणीतरी भरून ठेवायचं. सावंतकाकूंच्या वळणावरची तर कायम भरलेली. सावंतकाकांनी डॉक्टरकडे जाऊन औषध सुरू केलं, हे काकूंनी बाईंना सांगितलं आणि बाईंनी मला सांगितलं नाही. मला ते काकूंकडूनच कळलं.

मॉनिटर त्यानंतर आणखी दोन पावसाळे जगली. गेली ती दुपारच्या झोपेत, जिन्याच्या वळणावर, पाण्याचं भांडं तोंडाशी. खाली ओलं होतं. बाईंनी ते पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही. सावंतकाका तेवढा वेळ बाजूला उभे होते, हातात भरलेली बाटली धरून.

पुढे माझं लग्न झालं, मी मुलुंडला गेले. बाई गॅलरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. धाकट्या भावाचा मुलगा डेनिस त्यांना चारकोप गावातल्या घरी घेऊन गेला. तळमजला, पुढे लहानसं अंगण. बाईंना जिना सोडावा लागला.

मी एका रविवारी सकाळी भेटायला गेले. मिस्सा नुकतीच सुटली होती आणि खोली नातेवाइकांनी भरलेली होती. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, वाळून अर्ध्या झालेल्या, पण अंबाडा घट्ट आणि त्यात लाल पेन. मला बघताच म्हणाल्या, "हिंगोली, मुलुंडहून किती वेळ लागला? मधे गेलीस की नाही?"

"गेले, बाई."

"शाबास."

सगळे गप्पा मारत होते. एक गृहस्थ बाईंनी त्यांना पाढे कसे शिकवले ते सांगत होते, बराच वेळ सांगत होते. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत करंगळी वर केली.

डेनिसची बायको घाईने पुढे झाली, पण बाईंनी मानेने नको म्हटलं. मी उठले. त्यांना आधार देऊन उभं करताना चादर सरकली आणि तिच्याखाली मला जगाचा नकाशा दिसला, घडी घालून नीट बसवलेला. मला भरून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "बाई, एकीला विचारायचं नसतं ना?"

"विचारतंय कोण? सांगतेय. काठी दे."

आम्ही हळूहळू चालत गेलो. त्यांचा हात हलका होता, पकड मात्र पहिलीच. बाथरूमच्या दारात त्यांनी माझा हात सोडला, भिंतीवरचा दांडा धरला आणि मागे न वळता म्हणाल्या,

"तोंड फिरव."

मी तोंड फिरवलं.